पार्किंगमधला तो आगाऊ कॉलम

इंदूरच्या सुदामानगरातल्या तुमच्या बिल्डिंगीत नवी मोठी गाडी वळत नाही, आणि दोष अर्थातच त्या कॉलमचा. लग्नातल्या प्रत्येक फोटोत घुसणाऱ्या मावसभावासारखा मधोमध उभा. काढून टाका. ठेकेदार पोह्यांवर शेव भुरभुरत "हो जायेगा भिया" म्हणालाय. आता आणखी नकाशा कशाला?

एखादा इंजिनिअर कडमडलाच, तर म्हणेल की मधला आधार गेला की गाळा, म्हणजे दोन कॉलमांमधलं अंतर, दुप्पट होतो आणि बीमला वाकवणारा जोर चौपट. म्हणू द्या. पुढचं त्याहून कटकटीचं. कॉलमच्या डोक्यावर बीमला ताण वरच्या अंगाला असतो, म्हणून जास्तीच्या सळ्या वर. कॉलम गेला की तीच जागा गाळ्याचा मध्य होते आणि ताण येतो खाली. तिथल्या खालच्या सळ्या कॉलममधून सलग पलीकडे गेलेल्या असतील, तर बीम लोंबकळेल, पण सळ्या पाळण्याच्या दोरीसारख्या ताणून ओझं शेजारच्या कॉलमांकडे नेतील. ही चैन कशाला? बांधतानाच त्या कॉलमपाशी तोडायच्या. लोखंडाचे भाव बघितलेत ना? कॉलमच्या उभ्या सळ्यांना कवळणाऱ्या रिंगांची टोकं 135 अंशांत आत वळवा, हा आयएस 13920 या भूकंपासाठीच्या भारतीय मानकाचा हट्टही सोडा. 90 वर काम पटकन उरकतं. बाहेरचं काँक्रीट उडालं की अशी रिंग आपोआप उघडते, उभ्या सळ्यांनाही जरा मोकळं वाटतं.

एवढी काळजी मात्र घ्या: कॉलम एका फटक्यात पाडू नका. अचानक गेलेल्या आधाराचा दणका जवळजवळ दुपटीने बसतो. हळूहळू, रोज थोडा, रात्री.

दक्षिण कोरियातल्या सोलच्या साम्पुंग डिपार्टमेंट स्टोअरने हे सारं करून पाहिलं होतं. सरकत्या जिन्यांसाठी कॉलम कापले, एक मजला वाढवला, गच्चीवरचे अवजड एसी ढकलत दुसरीकडे नेले. बीम नव्हतेच, स्लॅब थेट कॉलमांवर. 29 जून 1995 ला पापडातून बोट जावं तसा कॉलम स्लॅबमधून वर आला, त्याचं ओझं शेजाऱ्यावर, शेजाऱ्याचं पुढच्यावर. 502 माणसं गेली. भेगा त्या सकाळीच दिसल्या होत्या, पण गिऱ्हाईक परत कसं पाठवायचं?

तुमच्याकडे तर भेगाही नाहीत. वरच्या मजल्यावरच्या काकूंचं दार तेवढं महिनाभर चौकटीत अडकतंय. सुताराला सांगा, रंधा मारून देईल. पुन्हा अडकलं तर पुन्हा मारेल.