बाकावरचा 'कै.'

गेल्या रविवारपासून मी कैलासवासी आहे. सोसायटीच्या बागेत, पारिजातकाखालच्या नव्या बाकावर संगमरवरी पाटी बसवलीय. तीवर कै., आणि पुढे माझं संपूर्ण नाव.

बाक मीच दिला, वडिलांच्या स्मरणार्थ. कागदावर नीट दोन ओळी लिहून दिल्या होत्या: वर त्यांचं नाव, खाली माझं. सेक्रेटरींनी दोन्हींची एक केली.

"कोरणारा अक्षरामागे पैसे घेतो हो," ते म्हणाले. "तुमच्या नावात मधे वडिलांचं नाव आहेच की. एका ओळीत दोघंही बसले! तीनशे साठ रुपये वाचले."

"अहो, पण मी जिवंत आहे."

"ते माहितीये सगळ्यांना."

इथे अण्णांनी तोंड घातलं. अण्णा तळमजल्यावर राहतात आणि नारळ फुटायच्या आधीपासूनच बाकावर बसले होते. त्यांनी कानटोपी वर सरकवली, चष्मा पुसून पाटी वाचली, मग मला आपादमस्तक न्याहाळलं, मग परत पाटी. दोहोंपैकी खरं कोण, ते ठरत नसावं.

"उत्तम झालं," अण्णा म्हणाले. "माणूस गेल्याची खोटी बातमी उठली तरी आयुष्य वाढतं. तुमची तर दगडात कोरलीय. नव्वदी कुठे गेली नाही."

"अण्णा, तो कै. काढायचाय."

"कसा काढणार? बुजवला तर डाग राहतो. डागापेक्षा कै. बरा दिसतो." मग आवाज उतरवून, "आणि आज ना उद्या लागणारच आहे. पोरांना परत खर्च नको."

"आणि वडील?"

"ते मधे आहेत ना."

"मग आडनावही आहे. घरातल्या सगळ्यांना लागू का?"

अण्णा गंभीर झाले. "नाही, नाही. कै. फक्त पहिल्या नावाला. बाकीचं नुसतं ओळखीपुरतं."

"म्हणजे वडिलांना लागलाच नाही!"

अण्णांनी पुन्हा पाटी वाचली. "हं. तसं बघितलं तर ते जिवंत झाले." क्षणभर थांबून म्हणाले, "बरं झालं. फार सज्जन माणूस."

यावर काय बोलणार? सेक्रेटरी म्हणाले, आता कोरणारा मिळणं कठीण, सगळे कारागीर कुंभाच्या कामावर. 2027 चा सिंहस्थ जवळ आल्यापासून नाशकात कुठलंही काम अडलं की कुंभामुळेच अडतं. रस्ता खणलाय? कुंभ. प्लंबर येत नाही? कुंभ. गुरू सिंह राशीत शिरायच्या आत माझा कै. निघेल, अशी चिन्हं नाहीत.

शिवाय मजकूर म्हणे वार्षिक सभेत मंजूर झालाय. झाला असेल. सभेला कोरम लागतो वीस जणांचा, आम्ही होतो अकरा. कोरमअभावी सभा अर्ध्या तासासाठी तहकूब. रविवारची सकाळ, नाशिक, आणि हातात अर्धा तास! मी मिसळ खायला गेलो. तिथे रांग होती. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर पापड, दुसऱ्यांदा तर्री. परत आलो तोवर सभा पुन्हा भरून आटोपलीसुद्धा होती. तहकूब सभेला कोरमची अट नसते. पाच जणांनी पेव्हर ब्लॉक, सीसीटीव्ही आणि माझं निधन एकमताने मंजूर केलं. पुढची वार्षिक सभा सप्टेंबरात. फेरठराव तेव्हा.

एका पाटीला फेरठराव! लिफ्ट दोन महिने बंद आहे, टाकीचा व्हॉल्व्ह दिवाळीपासून गळतोय, त्याला कधी ठराव आडवा आला नाही. सरळ दुर्लक्ष केलं की भागतं. आणि खरं सांगायचं तर राग पाटीचा नाहीच. शेवटची चार वर्षं वडील दर सभेला उठून एवढंच म्हणत, झाडाखाली एक बाक टाका, गुडघे दुखतात. इतिवृत्तात दर वेळी 'विचाराधीन'. ते कंपाउंडच्या कट्ट्यावर बसत, अर्धे टेकून, खाली गटार. बाक आला तो त्यांच्यानंतर, माझ्या पैशाने. आणि त्यावरही नाव वाचवलं, तीनशे साठ रुपयांसाठी.

परवा मेंटेनन्सचं बिल आलं. त्यावर नावाआधी 'श्री.' आहे.

सध्या मी सकाळी सहाला खाली जातो आणि बरोब्बर त्या 'कै.'वर पाठ टेकून बसतो. या दिवसांत संगमरवर स्वेटरमधूनही गार लागतो. अण्णा आले की म्हणतात, "जरा सरका, उरलेलं नाव वाचू द्या." मी सरकत नाही.