देसी आर्नाझ घरजावई नव्हता

अमेरिकन टीव्हीच्या जुन्या दिवसांबद्दलचा एक मजकूर सध्या हातोहात पुढे जातो आहे. त्याचा सारांश असा: क्यूबाहून रिकाम्या हातांनी आलेला देसी आर्नाझ नावाचा एक ढोलवाला हॉलिवुडच्या नटीशी, म्हणजे ल्युसिल बॉलशी, लग्न करतो आणि त्या जोरावर या धंद्यात शिरतो. तिच्या हट्टामुळे ‘आय लव्ह ल्युसी’ मालिकेत नवऱ्याची भूमिका मिळवतो. त्या भूमिकेतही अभिनय असा नाहीच. आणि शेवटी बायकोच्या कमाईवर स्टुडिओचा मालक होतो. थोडक्यात, घरजावई. वाचून मला वाईट वाटलं, कारण या माणसाचं काम मी वर्षानुवर्षं प्रेमाने पाहत आले आहे.

रिकामे हात, हे खरं. पण ते जन्माने रिकामे नव्हते. देसीचे वडील क्यूबातल्या सान्तियागो दे कुबा शहराचे महापौर होते. 1933 मध्ये क्यूबाचा हुकूमशहा माचादो याची राजवट उलथली, वडील तुरुंगात गेले, घरदार आणि मालमत्ता गेली. सुटल्यावर ते मायामीला आले आणि 1934 मध्ये सतरा वर्षांचा देसी त्यांच्यापाशी पोचला. बापलेक काही काळ एका गोदामात राहिले. महापौरांच्या मुलाने तिथे कॅनरी पक्ष्यांचे पिंजरे साफ केले.

‘लग्नामुळे शिरकाव’ हे तर तारखांपुढेच टिकत नाही. झेव्हियर कुगाटच्या वाद्यवृंदात गाणं, मग स्वतःचा वाद्यवृंद, मायामीच्या क्लबांत कोंगा नाच लोकप्रिय करणं, 1939 मध्ये ब्रॉडवेवर भूमिका, हे सगळं ल्युसिल भेटण्याआधीचं. त्याच नाटकावर आरकेओ स्टुडिओने चित्रपट काढला, त्यासाठी तो हॉलिवुडला आला, आणि त्या चित्रपटाच्या वेळी दोघांची ओळख झाली. लग्न झालं 30 नोव्हेंबर 1940 रोजी.

हट्ट मात्र तिने केला होता, यात वाद नाही. सीबीएस या प्रक्षेपण कंपनीला तिची रेडिओ मालिका टीव्हीवर हवी होती, पण नवरा म्हणून देसी नको होता. अमेरिकन मुलीचा नवरा क्यूबन, परके उच्चार असलेला, हे प्रेक्षकांना पटणार नाही, असं त्यांचं म्हणणं. तिला तो सोबत हवा होता, कारण वाद्यवृंदाच्या दौऱ्यांमुळे संसार लांबलांबूनच चालला होता. यावर दोघांनी काय केलं, ते या मजकुरात नाही. 1950 च्या उन्हाळ्यात त्यांनी दोघांचा विनोदी कार्यक्रम बसवला आणि तो घेऊन रंगमंचावरून दौरा केला. तिकीट काढून आलेल्या लोकांनी ही जोडी उचलून धरली. शिफारशीने मिळालेल्या भूमिकेसाठी कुणी गावोगाव परीक्षा देत नाही.

अभिनयाबद्दल थोडंच सांगते. ल्युसीचा गोंधळ रंगतो, कारण समोरचा रिकी, म्हणजे देसीने केलेला तिचा नवरा, त्या गोंधळावर मनापासून विश्वास ठेवतो. त्याची ती थांबण्याची जागा, डोळे विस्फारणं, मग स्पॅनिशमधून सुटलेला संताप. त्या स्पॅनिशचं भाषांतर मालिकेने कधी दिलं नाही, तरी घराघरांत ते समजलं. अभिनयासाठी त्याला एमी या टीव्ही पुरस्काराचं नामांकनसुद्धा मिळालं नाही, हे मला आजही खटकतं.

आता पैशाचा मुद्दा, जिथे हा मजकूर सत्य अगदी उलटं करून सांगतो. 1951 मध्ये बहुतेक टीव्ही मालिका थेट प्रक्षेपित होत. प्रायोजक फिलिप मॉरिसला मालिका न्यूयॉर्कहून हवी होती, कारण लॉस एंजेलिसहून केली तर देशाच्या पूर्व भागातल्या मोठ्या प्रेक्षकवर्गाला टीव्हीच्या पडद्यावरून टिपलेली धूसर प्रत पाहावी लागली असती. जोडप्याला कॅलिफोर्निया सोडायचं नव्हतं. तोडगा निघाला तो 35 मिलिमीटर फिल्मचा: तीन कॅमेरे एकाच वेळी चालवायचे आणि समोर खरे प्रेक्षक बसवायचे. छायालेखक कार्ल फ्रॉइंडने वरून सारखा पसरणारा उजेड योजला, म्हणजे कॅमेरा बदलला की दिवे हलवायला नकोत.

हे महाग होतं. जादा खर्चापायी दोघांनी मानधनातून आठवड्याला 1,000 डॉलर कमी घेतले आणि त्याबदल्यात या फिल्मची मालकी त्यांच्या देसिलू कंपनीकडे राहील, असं देसीने ठरवून घेतलं. एकदा दाखवलेला भाग पुन्हा कोण पाहणार, अशी तेव्हाची समजूत होती. काही वर्षांनी त्याच जुन्या भागांसाठी सीबीएसने काही दशलक्ष डॉलर मोजले, आणि 1957 मध्ये देसिलूने आरकेओचे स्टुडिओ घेतले. जिथे दोघं पगारी नट म्हणून भेटले होते, तेच आरकेओ. या मालिकेत ल्युसिलची प्रतिभा होती, लेखकांचीही होती. पण ती प्रतिभा फिल्मवर टिकली आणि विकली गेली, हा व्यवहार देसीचा.

त्याच्या चाहत्यांनीही जपून बोलावं. फिल्मवर अनेक कॅमेरे चालवण्याचे प्रयोग त्याच्या आधी झाले होते. त्याने ते खऱ्या प्रेक्षकांपुढे, दर आठवड्याला चालेल अशा रीतीत बसवले. त्याचं दारू पिणं आणि बाहेरचे संबंधही झाकण्यात अर्थ नाही. 1960 मध्ये घटस्फोट झाला. 1962 मध्ये त्याने आपला हिस्सा ल्युसिललाच विकला आणि देसिलूची सूत्रं तिच्या हाती गेली. त्यामुळे देसिलूची 1966 ची ‘स्टार ट्रेक’ मालिका देसीच्या खात्यावर टाकणारेही चुकतात. तो निर्णय तिचा होता.