‘.२२ वर शिकण्यात वेळ फुकट जातो’ या प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, दोन ओळीत उडवून लावावी अशी ती नाही म्हणून जरा सविस्तर लिहितोय. तुमचं म्हणणं असं की पिस्तूल शिकताना नवशिक्याने .२२ पासून, म्हणजे ०.२२ इंची लहान गोळीच्या पिस्तुलापासून, सुरुवात करावी हा माझ्या लेखातला सल्लाच चुकीचा, .२२ म्हणजे खेळणं, त्यावर शिकलेला माणूस हातात ९ एमएम आली की परत पहिल्यापासून शिकतो, त्यापेक्षा सरळ .४५ वर, म्हणजे त्याहून मोठ्या गोळीवर, हात बसवावा, तुम्ही स्वतः तसेच शिकलात.

आधी तो ‘खेळणं’ शब्द काढून टाका, प्लीज. ऑलिंपिकमधली २५ मीटर पिस्तूल स्पर्धा .२२ वरच होते. आणि .२२ च्या गोळीनेही माणूस मरतो, तिला खेळणं समजणाऱ्याच्या शेजारच्या लेनमध्ये मी उभा राहणार नाही.

आता मूळ मुद्दा. नवशिक्याचा नेम चुकतो तो बहुतेक वेळा डोळ्यामुळे नाही, दचकण्यामुळे. ट्रिगर सुटायच्या आधीच शरीराला माहीत असतं की आता दणका बसणार, मग मनगट आपोआप खाली ढकलतं, डोळे मिटतात, आणि हे त्या माणसाला कळतसुद्धा नाही. माझ्याकडे एकजण आला होता, त्याला पहिल्याच दिवशी मित्राने .४५ दिलेली. ७ मीटरवरून सगळी भोकं खाली डावीकडे, आणि तो म्हणे नेम धरायची साइट बिघडलीय. मी त्याच्याकडे पाठ करून पिस्तुलाचं मॅगझिन (काडतुसांची डबी) भरलं, ५ खरे राउंड म्हणजे काडतुसं आणि मध्ये कुठेतरी २ डमी, म्हणजे न उडणारी खोटी. तिसऱ्या वेळेला डमी आला, नुसतं खट् वाजलं, धक्का नाही आवाज नाही, तरी नळीचं तोंड चांगलं दोन बोटं खाली गेलं. त्याने ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, मला एक शब्द बोलावा लागला नाही. ती सवय मोडायला किती आठवडे गेले ते मी जवळून बघितलंय, म्हणून एवढं कळकळीने सांगतोय.

धक्क्याचा हिशोब अगदी सोपा आहे, गोळीचं वजन गुणिले वेग. .२२ ची गोळी साधारण २.६ ग्रॅम, ९ एमएम ची साडेसात, .४५ ची जवळपास १५. .४५ चा वेग ९ एमएम पेक्षा बराच कमी असतो, तरी पिस्तुलातून .२२ च्या तुलनेत ९ एमएम चा धक्का तिपटीच्या वर जातो आणि .४५ चा पाचपटीच्या आसपास. मोठं कॅलिबर (गोळीचं माप) म्हणजे जास्त परिणाम असं तुम्ही म्हणताय, पण अमेरिकेची तपास संस्था एफबीआयसुद्धा .४० वर जाऊन परत ९ एमएम वर आली, आणि त्यामागचं एक कारण हेच होतं की कमी धक्क्यात लोक जास्त पटपट आणि जास्त अचूक मारतात. ती तर ट्रेनिंग घेतलेली माणसं!

एक गोष्ट मात्र तुमची शंभर टक्के बरोबर, आणि ती मी लेखात लिहायला हवी होती. .२२ वर फार काळ बसून राहिलं की ग्रिप सैल पडते, कारण घट्ट धरायची गरजच लागत नाही, आणि मग ९ एमएम हातात आली की मनगट ढिलं राहून पिस्तूल जॅम होतं. म्हणजे .२२ सोडायची वेळ ठरलेली हवी. माझा अंदाज विचाराल तर ७ मीटरवर १० पैकी १० गोळ्या तळहाताएवढ्या गोलात सलग तीन वेळा बसल्या की फुल साइज ९ एमएम घ्यावी, आणि तेव्हाही सुरुवातीचे थोडे राउंड .२२ चेच मारावेत. रिव्हॉल्वर आवडत असेल तर .३५७ मॅग्नमचं चालेल, त्यात मवाळ .३८ स्पेशल मारता येते, उलटं, म्हणजे .३८ च्या रिव्हॉल्वरमध्ये .३५७ चा राउंड, मात्र कधीही करू नका.

शेवटी तुम्ही लिहिलंय की बायकोसाठी .३८० चं खिशात मावणारं पिस्तूल बघताय, कॅलिबर लहान म्हणून तिला सोपं जाईल. इथे थोडं थांबा. पिस्तूल हलकं असलं की तोच धक्का हाताला जास्त लागतो, आणि .३८० ची बरीच पिस्तुलं ब्लोबॅक (स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, फक्त स्वतःच्या वजनाने आणि स्प्रिंगने बंद राहणारी) असल्यामुळे स्प्रिंग कडक असते, स्लाइड ओढतानाच बोटं दुखतात. एक किलोच्या आसपासची ९ एमएम तिला त्यापेक्षा नक्की सुसह्य वाटेल. विकत घ्यायच्या आधी रेंजवर तिला दोन्ही मारून बघू द्या, पहिल्यांदा मॅगझिनमध्ये एकच राउंड भरा म्हणजे धक्क्याने घाबरून बोट परत दाबलं गेलं तरी दुसरी गोळी सुटणार नाही, आणि कानात इअरप्लग आणि वरून कान झाकणारे मफ दोन्ही लावा, .२२ असली तरी.