स्टेपनीचा जॅक आणि कुंडीखालच्या दोन विटा

रविवारी सकाळी पोहे घेऊन इंदूरच्या रामबागेत बहिणीकडे गेलो, तर भाचा गल्लीत तेल गळणाऱ्या गाडीसमोर उकिडवा बसलेला. हातात मोबाइल, शेजारी कुंड्यांखालून काढून आणलेल्या दोन विटा. घरच्या ग्रुपवर फिरणारा हिंदी मेसेज त्यानं मला कौतुकानं वाचून दाखवला. म्हणे चेंबरचं, म्हणजे इंजिनच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्याचं पॅकिंग (ऑईल पॅनची गॅस्केट) घरच्या घरी बदला. अर्धा तास, दोनशे रुपये, गॅरेजवाल्यांची लूट बंद. हाच मेसेज मला आठवड्याभरात तिघांनी पाठवला होता आणि मी न वाचता पुसला होता.

पहिलीच पायरी बघा. स्टेपनीसोबत मिळालेल्या जॅकनं गाडी उचला, खाली विटा सरकवा, आत शिरा.

लिहिणारा गाडीखाली कधी गेलाय का? वीट भिंतीत बसते तेव्हा सगळ्या अंगानं सारखा भार घेते. इथे गाडीच्या पत्र्याची बोटभर दुमड तिच्यावर टेकते, वर सगळं इंजिन. वीट आधी कुरकुरत नाही, एकदम फुटते. त्यात चेंबरचे बोल्ट सोडवताना पान्याला हिसडे द्यावे लागतात, प्रत्येक हिसड्याला गाडी हलते. तो कात्रीचा जॅक सरळ वर उचलायला बनवलाय, आडव्या झटक्याला कलंडतो. आणि आमच्या बहिणीच्या गल्लीला गटाराकडे उतार! भाच्याला म्हटलं, "माझं ऐकू नकोस, ग्लोव्ह बॉक्समधलं गाडीचं पुस्तक काढ." जॅकच्या पानावर इशारा होताच: हा जॅक चाक बदलण्यापुरता, जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका. गाडी बनवणाराच असं सांगतोय, आणि आपण ऐकायचं फॉरवर्डवाल्याचं. सपाट फरशी, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे, दोन बाजूंना दोन जॅक स्टँड, म्हणजे उचललेली गाडी पेलणारे लोखंडी टेकू, आणि आत जाण्यापूर्वी गाडीला दोन्ही हातांनी चांगला धक्का देऊन पाहणं. एवढं नसेल तर गाडीखाली जाऊच नये.

पुढची पायरी: सिलिकॉन भरपूर फासा, म्हणजे थेंब गळणार नाही. बाहेर गळणार नाही, हे खरं असेल. पण चेंबर वर दाबला की जास्तीचं सिलिकॉन आतही फुगून येतं, तुकडे सुटतात आणि तेल ओढणाऱ्या जाळीवर जाऊन बसतात. जाळी तुंबली की तेलाचा दाब पडतो आणि बेअरिंग खाल्ली जातात. दोनशेचं काम मग इंजिन खोलण्यावर जातं. बऱ्याच नव्या इंजिनांत वेगळं पॅकिंग नसतंच, सीलंटची तीनेक मिलिमीटरची एकसलग रेघ असते, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूनं. त्याआधी दोन्ही पृष्ठभाग खरडून, तेलाचा अंश न ठेवता पुसायचे. यातच अर्धा तास जातो.

बोल्ट "पूरी ताकत से" आवळा, असंही लिहिलंय. हे बहुधा 6 मिलिमीटरचे बोल्ट, यांना साधारण 10 न्यूटन-मीटरचा पीळ पुरे. ताकद लावली तर पत्र्याचा काठ भोकांपाशी वाकतो आणि मधून तेल झिरपतं. काम झाल्याबरोबर गाडी सुरू करायची म्हणे. बहुतेक सीलंट पुरतं सुकायला 24 तास घेतं, ट्यूबवरच छापलेलं असतं. जुनं तेल सुती कापडातून गाळून परत ओता, यावर तर बोलणंच नको. काजळीचे कण कापडाला अडत नाहीत.

एक मान्य करतो, नाइलाजानं. पॅकिंग खरंच स्वस्त असतं, बिल वाढतं ते मजुरीनं. काही जुन्या गाड्यांत चेंबर मोकळा लटकतो, तिथे सवयीचा माणूस घरी करूही शकेल. पण अनेक गाड्यांत सायलेन्सरचा पुढचा पाइप किंवा खालची क्रॉसमेंबर, म्हणजे सांगाड्याची आडवी पट्टी, मध्ये येते. मजुरी त्याचीच असते.

आणि मुळात गळतंय कुठून, हे त्या मेसेजात कुठेच विचारलेलं नाही. तेल वरून ओघळतं आणि चेंबरच्या काठावर जमतं, म्हणून दोष चेंबरला. भाच्याच्या गाडीचं बॉनेट उघडून वरपासून इंजिन पुसलं, टाल्कम पावडर भुरभुरली आणि शहराबाहेर राऊपर्यंत चक्कर मारून आलो. पावडरीत काळी रेघ उमटली होती ती टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या कोपऱ्यातून. ते पॅकिंग वरूनच, उभ्या उभ्या बदललं. विटांना हात लावावा लागला नाही.