हाली रुपया एका रात्रीत बुडाला नव्हता

सतरा सप्टेंबर जवळ आला की मुक्तिसंग्राम दिनाच्या शुभेच्छांबरोबर एक मेसेज हमखास फिरतो. यंदा आमच्या भावकीच्या ग्रुपवर तो तीनदा आला. सारांश असा: भारताने १५ ऑगस्ट १९४७ लाच आपला नवा रुपया आणला, हैदराबाद संस्थान पडलं त्याच रात्री निजामाचा हाली सिक्का, म्हणजे संस्थानाचा स्वतःचा रुपया, रद्द झाला आणि मराठवाड्यातल्या पेट्यांमधल्या नोटांची रद्दी झाली, कलदारपेक्षा, म्हणजे ब्रिटिश आणि नंतरच्या भारतीय रुपयापेक्षा, भारी असलेला रुपया दिल्लीने बुडवला, आणि त्या नोटांवर मराठीचं एक अक्षरही नव्हतं.

यातली एकही गोष्ट खरी नाही. शाळेतली पोरं हे वाचून भाषणात म्हणतात, म्हणून लिहितोय.

आधी १९४७ चं. त्या दिवशी झेंडा बदलला, पैसा नाही. सहाव्या जॉर्जचं चित्र असलेल्या नोटा तशाच चालत राहिल्या. अशोकस्तंभाची एक रुपयाची नोट १९४९ मध्ये आली आणि स्वतंत्र भारताची नवी नाणी १५ ऑगस्ट १९५० ला. पाकिस्तानचंही तेच. १९४८ मध्ये भारतातल्याच नोटांवर ‘पाकिस्तान सरकार’ असं छापून त्यांनी काम चालवलं, आणि ३० जून १९४८ पर्यंत त्यांची मध्यवर्ती बँक म्हणून आपली रिझर्व्ह बँकच काम बघत होती. देश एका रात्रीत स्वतंत्र होतो. नोटा छापायला, नाणी पाडायला आणि गावोगाव पोचवायला वर्षं लागतात.

आता हालीचं. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाने शरणागती जाहीर केली, पण दुसऱ्या दिवशी मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, व्यवहार हालीतच झाले. १९५० पासून भारतीय रुपया हालीच्या जोडीने चालू लागला, तोही ठरलेल्या दराने: सात हालीला सहा कलदार. मग नवा हाली काढणं थांबलं आणि जुना हळूहळू परत घेतला गेला. घाई कुठेच नव्हती. मला वाटतं, ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आपल्या मनात इतकी पक्की बसलीय की जुना पैसा गेला म्हटलं की तो असाच गेला असणार, असं आपण धरून चालतो.

‘भारी रुपया’ हा मुद्दा तर हिशेबानेच मोडतो. ब्रिटिश अमलातसुद्धा शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मोजावे लागत. म्हणजे तोच सातास सहा. हा दर चांदीतही दिसतो. जुना कलदार ११.६६ ग्रॅमचा, त्यात चांदी ९१.७ टक्के. जुना हाली ११.१८ ग्रॅमचा, चांदी ८१.८ टक्के. गुणाकार करून बघा: एकात सुमारे १०.७ ग्रॅम चांदी, दुसऱ्यात ९.१. हाली हलका होता, आणि दरही तेवढ्याच हलकेपणाचा होता. दिल्लीने त्यात काही कापलं नाही.

मग ‘पैसे बुडाले’ ही आठवण कुठून आली? ती खोटी नाही, आणि मेसेज नेमकं हेच सांगत नाही. माझी आजी सांगायची, आजोबांचा पगार सत्तरचा साठ झाला तेव्हा घरात दोन दिवस कुणी नीट बोललं नाही. हिशेबाने साठ कलदार म्हणजे सत्तर हालीच. पण दुकानदाराने गुळाचा भाव काही सातास सहाने उतरवला नाही. जितक्या आण्यांना हालीत द्यायचा, तितकेच आणे कलदारात मागितले. आजीचा राग त्या दुकानदारावर होता, आणि तो रास्त होता. हाली रुपयामागे कलदारचे पावणेचौदा आणेही होत नाहीत. तो फरक गोरगरिबांच्या पदरातून असा सुट्ट्या-सुट्ट्याने गेला.

तिच्या पत्र्याच्या पेटीत एक हाली रुपया अजून आहे. चारमिनार कडेला झिजलाय, पण मधल्या कमानीतलं उर्दू ‘ऐन’ हे अक्षर, उस्मान अलींच्या नावातलं पहिलं, बोटाला लागतं.

‘दिल्लीने बुडवला’ म्हणणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. नोव्हेंबर १९४७ मध्ये भारताशी जैसे थे करार झाला, आणि त्यानंतर लगेच निजाम सरकारने वटहुकूम काढून भारतीय चलन संस्थानात बेकायदा ठरवलं. चलनाची लढाई सुरू केली ती हैदराबादने. शिवाय भारत सरकारचे वीस कोटींचे रोखे पाकिस्तानला कर्जाऊ दिले. संस्थानाबाहेर, भारतातल्या बार्शीला कापूस विकून कलदार घेऊन येणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्याची त्या वटहुकमाने काय अडचण झाली असेल, याचा मेसेजमध्ये विचारच नाही.

राहिलं मराठीचं. निजामाच्या नोटांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्येही रक्कम छापलेली असे. कुणाच्या घरी जुनी नोट असेल तर उलटून बघा. शाळा आणि कचेऱ्यांमध्ये मराठीची जी गळचेपी झाली ती झालीच, ती नोटेवरच्या चार अक्षरांनी भरून निघत नाही. पण ती सांगायला नोटेबद्दल खोटं बोलायची गरज नाही.

आणि ज्यांच्या माळ्यावर १९५०-५२ च्या चोपड्या पडल्या असतील, त्यांनी त्या रद्दीवाल्याला देऊ नका. कुठल्या रकमेपुढे हाली लिहिलंय आणि कुठे कलदार, ते बघा. आणि गुळाचा भाव सापडला तर मला त्या पानाचा फोटो जरूर पाठवा.