बाल्टिमोर तेच, पोलीस तेच. पैसे देणारा वेगळा

अमेरिकन मालिकांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘एचबीओवर शिव्या चालतात, म्हणून त्यांच्या मालिका भारी.’ मला हे अजिबात पटत नाही. दरमहा वर्गणी भरून बघायच्या या केबल चॅनेलवर शिव्या चालतात हे खरं, पण भारीपणा त्यातून येत नाही. खरं कारण शोधायचं तर शहर, विषय, लेखक तेच आणि फक्त चॅनेल वेगळं, असं उदाहरण हवं. ते आहे.

डेव्हिड सायमन हा ‘बाल्टिमोर सन’ या दैनिकाचा क्राइम रिपोर्टर. १९८८ साली तो वर्षभर शहराच्या खून-तपास पथकासोबत राहिला आणि १९९१ मध्ये त्यावर त्याचं पुस्तक आलं. त्या पुस्तकावरून एनबीसी या फुकट दिसणाऱ्या नेटवर्कवर ‘होमिसाइड: लाइफ ऑन द स्ट्रीट’ सुरू झाली, ३१ जानेवारी १९९३ ला. सात सीझन, १२२ भाग. पुढे सायमनने एड बर्न्सला सोबत घेतलं. हा बर्न्स आधी बाल्टिमोरचा डिटेक्टिव्ह, नंतर तिथल्याच शाळेत शिक्षक. दोघांनी मिळून एचबीओसाठी ‘द वायर’ केली, २ जून २००२ ते ९ मार्च २००८. पाच सीझन, ६० भाग.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो: ‘होमिसाइड’ मुळीच सामान्य मालिका नव्हती. तिचा ‘थ्री मेन अँड अडीना’ हा भाग जवळजवळ पूर्ण वेळ एका चौकशीच्या खोलीत घडतो. दोन डिटेक्टिव्ह, एक संशयित, एका लहान मुलीचा खून. आणि शेवटी खुनी सापडत नाही. हा भाग लिहिणाऱ्या टॉम फोंटानाला एमी हा अमेरिकन टीव्हीचा मोठा पुरस्कार मिळाला. म्हणजे नेटवर्कवर गुणी माणसं नसतात, हा मुद्दा इथेच निकालात निघतो. हाच फोंटाना पुढे १९९७ मध्ये एचबीओची पहिली तासाभराची ड्रामा मालिका ‘ऑझ’ घेऊन आला.

मग अडलं कुठे? पहिल्याच सीझनमध्ये बघा. ‘नाइट ऑफ द डेड लिव्हिंग’ नावाचा भाग तिसरा म्हणून तयार झाला होता. उकाड्याची रात्रपाळी, डिटेक्टिव्ह ऑफिसातच बसून, नवा खून नाही, धावपळ नाही. फार सुंदर भाग आहे. एनबीसीने तो मागे ठेवला आणि नवव्या क्रमांकावर, सीझनच्या शेवटी दाखवला. दुसऱ्या सीझनला तर चारच भाग मंजूर झाले आणि त्यातल्या पहिल्या भागात रॉबिन विल्यम्स पाहुणा कलाकार होता. मोठं नाव दिसलं की प्रेक्षक येतील, हा हिशेब.

यात मला नेटवर्कचा दुष्टपणा दिसत नाही. त्यांचं गिऱ्हाईक कोण ते बघायला हवं. एनबीसी, सीबीएस, एबीसी ही चॅनेलं अँटेनावर फुकट दिसतात, त्यामुळे त्यांचं गिऱ्हाईक प्रेक्षक नसून जाहिरातदार असतो. विकायचा माल म्हणजे त्या तासाला टीव्हीसमोर बसलेली माणसं, त्यातही १८ ते ४९ वयोगटातली. प्रेक्षक मोजणाऱ्या नीलसन कंपनीचे आकडे पडले की त्या तासाचा भाव पडतो. एचबीओला १९७२ पासून लोक दरमहा वर्गणी देतात आणि मध्ये जाहिरात नसते. त्यांचा प्रश्न एकच: या घरातला माणूस पुढच्या महिन्यात कनेक्शन बंद करेल का? त्यासाठी प्रत्येक मालिका प्रत्येकाला आवडायला लागत नाही. प्रत्येक घरात एखादी तरी अशी हवी, की तिच्यासाठी वर्गणी चालू ठेवावीशी वाटेल.

हा फरक थेट पटकथेत उतरतो. नेटवर्कचा ‘तास’ म्हणजे प्रत्यक्षात साधारण ४२ ते ४७ मिनिटं. जाहिराती वाढत गेल्या तसा तो आक्रसत गेला. त्याची रचना ठरलेली: सुरुवातीला दोन-चार मिनिटांचा टीझर, मग चार अंक, पुढे पाच-सहासुद्धा. प्रत्येक अंकाच्या शेवटी एक झटका हवा, नाहीतर ब्रेकमध्ये माणूस रिमोट उचलतो. दार उघडतं, प्रेत दिसतं, चेहऱ्यावर क्लोज-अप, ब्रेक. आपल्याकडच्या मालिकांत तोच चेहरा तीनदा दाखवतात, मूळ कारण हेच. कथेला गरज असो वा नसो, दर दहा मिनिटांनी शिखर गाठायचं. ब्रेकनंतर परत आलेल्या माणसाला कुणीतरी सांगायचं की काय चाललंय. त्यातून ते बेगडी संवाद जन्माला येतात, जिथे दोन तज्ज्ञ एकमेकांना दोघांनाही आधीच माहीत असलेली गोष्ट समजावतात.

आता ‘द वायर’च्या पहिल्या सीझनचा चौथा भाग, ‘ओल्ड केसेस’. मॅकनल्टी आणि बंक हे दोन डिटेक्टिव्ह एका रिकाम्या स्वयंपाकघरात जातात. तिथे पूर्वी एका तरुणीचा खून झालेला. फरशीवर जुने फोटो मांडतात. टेप काढून मोजमाप घेतात. एकजण हाताने पिस्तुलाचा कोन धरून बघतो आणि गणित जुळत नाही. मग नजर खिडकीकडे जाते. गोळी बाहेरून आली असेल तर ती पुढे कुठे गेली असेल? फ्रिजकडे. तिथे रुतलेली गोळी निघते. मग बाहेर जाऊन, मारेकरी जिथे उभा असणार तिथे शोधतात आणि रिकामं काडतूस हाती लागतं. चार-पाच मिनिटांचा हा प्रसंग, आणि सगळ्या संवादात एकच शिवी, वेगवेगळ्या सुरांत. कधी शंका, कधी वैताग, कधी ‘सापडलं!’ स्पष्टीकरणाचा एक शब्द नाही.

लोक हा प्रसंग शिवीसाठी लक्षात ठेवतात. शिवी काढून नुसते हुंकार घातले तरी तो तितकाच उभा राहील. त्याला खरी गरज आहे ती प्रेक्षक समोरून उठणार नाही या खात्रीची. ती खात्री जाहिरातीवर चालणाऱ्या चॅनेलला परवडत नाही.

दुसरी गोष्ट पात्रांच्या स्मरणाची. प्रेझ हा पोलीस दुसऱ्या भागात एका पोराच्या तोंडावर पिस्तूल हाणतो. पोराचा डोळा जातो. पाचव्या भागात हाच प्रेझ, पोलीस जिच्या मागावर आहेत त्या ड्रग्ज विकणाऱ्या टोळीच्या पेजरवरचा सांकेतिक क्रमांक उलगडतो. युक्ती अशी: फोनच्या बटणांवर ५ च्या पलीकडे उडी मारायची. १ च्या जागी ९, २ च्या जागी ८, ३ ला ७, ४ ला ६. ५ आणि ० यांची अदलाबदल. बाल्टिमोरचा कोड ४१० लिहायचा तर ६९५. शाळकरी पोरांनाही जमेल इतकं सोपं. आधी ज्याचा राग आला त्याचंच आता कौतुक वाटतं आणि राग तरीही जात नाही. हे साधायला मागचा भाग पुढच्या भागात जिवंत राहावा लागतो.

नेटवर्कला ते का जड जातं? कारण पुनःप्रक्षेपण. मालिका बनवणारा स्टुडिओ बहुतेक वेळा नेटवर्ककडून मिळणाऱ्या पैशापेक्षा जास्त खर्च करतो. तो तोटा पुढे जुने भाग स्थानिक स्टेशनांना विकून भरून काढायचा. त्यासाठी साधारण १०० भाग हाताशी हवेत, म्हणजे सोमवार ते शुक्रवार रोज एक लावला तर २० आठवडे निघतात. असे भाग प्रेक्षक मधूनच कुठलाही बघणार, म्हणून प्रत्येक भाग स्वतंत्र आणि शेवटी सगळं जागच्या जागी. बिचारा ‘नाइट ऑफ द डेड लिव्हिंग’ तिसऱ्याचा नववा करता आला तो याच सवयीमुळे. ‘द वायर’चा तिसरा भाग नववा करून बघा, काहीच कळणार नाही.

१०० भाग लवकर गाठायचे तर सीझनला २२ ते २४ भाग. एका भागाला साधारण आठ दिवस शूटिंग. २२ गुणिले ८, म्हणजे १७६ दिवस. सीझनच्या सुरुवातीला पटकथा तयार असतात. डिसेंबर-जानेवारीपर्यंत लेखक शूटिंगच्या जेमतेम पुढे असतात. मग भरतीचे भाग येतात: आहेत त्याच सेटवर, आहेत त्याच कलाकारांत उरकलेले. एचबीओवर १३ भाग, पुढे १० सुद्धा, आणि एका भागाला १० ते १५ दिवस. ‘द वायर’च्या तिसऱ्या आणि चौथ्या सीझनमध्ये जवळपास २१ महिन्यांचं अंतर आहे. प्रेक्षक कमी, एमी एकही नाही, बंद पडायची वेळ आलेली. तरी ती परत आली आणि चौथ्या सीझनने शाळेत शिरून मालिकेचं सर्वोत्तम काम केलं. दुसऱ्या सीझनला तर टोळी बाजूला सारून सरळ बंदरावरच्या गोदी कामगारांकडे गेले होते. नेटवर्कच्या बैठकीत ही कल्पना दारातच अडली असती.

पण नेटवर्क नेहमीच हरतं, असं मी म्हणणार नाही. एनबीसीच्या ‘द वेस्ट विंग’ने साधारण २२ भागांचे सीझन करून सलग चार वर्षं सर्वोत्तम ड्रामाचा एमी घेतला, केबलवरच्या मालिकेला तो मान पहिल्यांदा २००४ मध्ये मिळाला, ‘द सोप्रानोज’ला. ब्रेकच्या शिस्तीत एक ताकदही आहे. दर दहा मिनिटांनी काहीतरी घडवायचं बंधन असलं की लेखक आळसावत नाही. वर्गणीच्या चॅनेलवरची मालिका बिघडते तेव्हा नेमकी इथेच बिघडते: मधले तीन-चार भाग लोक गाडीतून जातात, खिडकीबाहेर बघतात, आणि कथा तसूभर हलत नाही.

स्वतः पडताळायचं असेल तर ‘होमिसाइड’चा कुठलाही एक भाग आणि ‘ओल्ड केसेस’ लागोपाठ बघा, कागद-पेन घेऊन. पडदा काळा होतो ती मिनिटं लिहून ठेवा आणि प्रत्येक वेळी आधीच्या अर्ध्या मिनिटात काय झालं ते शेजारी लिहा. ‘होमिसाइड’च्या रकान्यात चार-पाच नोंदी होतील.