खुलासा: ‘अँटी-अ‍ॅलर्जी’ फरशीने दमा जात नाही

‘शहाबादी फरशी उखडा, व्हिनाइल बसवा, धुळीची अ‍ॅलर्जी कायमची जाईल’ असा मेसेज फिरतोय. (व्हिनाइल म्हणजे जमिनीवर चिकटवायचं प्लास्टिकचं आवरण.) त्यात खरं एवढंच, की गुळगुळीत, पुसता येणाऱ्या जमिनीत गालिच्याइतकी धूळ साचत नाही. पण शहाबादी, कोटा, मोझेक, टाइल्स या साऱ्याच पुसता येतात. मग उखडायचं कशाला?

धुळीच्या अ‍ॅलर्जीमागे बहुधा धूळकिडे असतात. जेमतेम पाव मिलिमीटरचे हे जीव आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात आणि हवेतल्या बाष्पातूनच पाणी शोषतात. म्हणून कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात त्यांचं फावतं. अ‍ॅलर्जी मुख्यतः त्यांच्या विष्ठेमुळे होते. आणि त्यांचा मुक्काम फरशीवर नव्हे, गादी-उशांत असतो! फरशी बदलून गादी तीच ठेवली तर खर्च वाया.

नव्या व्हिनाइलच्या गोंदाचा उग्र वास तर दमेकऱ्याला उलट त्रास देऊ शकतो.

गालिचा असेल तर तो काढा. कोरड्या झाडूने धूळ उडते, ओल्या फडक्याने पुसा. चादरी-अभ्रे दर आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुवा. आणि दम्याचा पंप फरशीच्या भरवशावर बंद करू नका.